वाचकांचे प्रश्न : १६० प्रश्न विचारणारा जमीनदार

प्रश्न : जनगणनेची ड्युटी लागणार म्हणून आमच्या स्टाफरूममध्ये सध्या दुसरा विषयच नाही. एक सर म्हणाले की स्कॉटलंडात सर जॉन सिंक्लेअर नावाच्या जमीनदार खासदाराने सरकारी यंत्रणेशिवाय अख्ख्या देशाची माहिती गोळा केली होती. खरंय का? आणि काम करणाऱ्यांना मानधन किती मिळालं?
— एक शिक्षिका, धनकवडी

उत्तर : मॅडम, खरंय, आणि मानधनाचं आधीच सांगतो, भोपळा!

सिंक्लेअर १७५४ चा, थर्सोचा, म्हणजे स्कॉटलंडचं पार वरचं टोक. तिथे केथनेसमध्ये मोठी इस्टेट, वडील गेले तेव्हा हा सोळाचा. १७८० ला खासदार झाला. गंमत म्हणजे तेव्हा केथनेस आणि ब्यूट ह्या दोन काउंट्यांना आलटून पालटून खासदार मिळायचा, १७८४ ला केथनेसचा नंबर नव्हता तर साहेब थेट खाली इंग्लंडातल्या लॉस्टविथिएलमधून निवडून आले. सीट शोधणं तेव्हापासून चालू आहे.

तर १७९० मध्ये त्याने सगळ्या ९३८ पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या, पाद्र्यांना प्रश्नावली धाडली. प्रश्न किती, तर १६०! पहिले ४० जमीन-हवा-नद्यांचे, पुढचे ६० लोकसंख्येचे, मग पिकं-गुरं आणि शेवटी 'किरकोळ' म्हणून मजुरी, भाव, गरिबांची सोय, लोकांच्या सवयी असं काय वाट्टेल ते. पाद्रीच का, तर गावात लिहितावाचता आणि बारसं-लग्नाच्या नोंदी हाताशी असलेला माणूस तोच, म्हणजे तुमचंच गणित. गावकऱ्यांना वाटलं हे कर वाढवायला चाललंय, आणि बरेच पाद्री तर ढिम्म हलेनात. मग ह्याने पत्रावर पत्रं पाठवून पिच्छा पुरवला, तरी नाहीच जमलं तिथे स्वतःची माणसं पाठवून माहिती भरून घेतली. १७९१ ते १७९९ मध्ये २१ खंड निघाले, ब्रिटनची पहिली सरकारी जनगणना त्यानंतर, १८०१ ला. खंडांची कमाई त्याने पाद्र्यांच्या मुलांना मदत करणाऱ्या संस्थेला दिली, म्हणजे अगदीच वाऱ्यावर नाही सोडलं.

त्याला नुसती डोकी मोजायची नव्हती, लोक किती सुखात आहेत आणि ते कसं वाढेल हे हवं होतं. पण मला विचाराल तर जमीनदार तो जमीनदारच. चेव्हिएट जातीच्या मेंढ्या उत्तरेत नेण्यासाठी त्याने जंग जंग पछाडलं, म्हणायचा छोट्या कुळांनीही पाळाव्यात, आणि झालं काय तर बडे मेंढीवाले आले नि हायलँडमधली, म्हणजे उत्तरेच्या डोंगराळ भागातली, कुळं उठवली गेली. ह्याचं खापर एकट्या त्याच्यावर फोडता येणार नाही, पण हात झटकूनही चालणार नाही.

असलं काम आपल्याकडचं बघायचं असेल तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागरची केलेली पाहणी मिळवा, १९१७ ला छापलीय. तिथे तेव्हा टॉवर नव्हते, शेतं होती, आणि कोणाची किती, कर्ज किती, सगळं त्यात आहे.