प्रार्थनेत मन लागत नाही, टीचर

वसईच्या किनाऱ्यावर, अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत, माझ्याकडे बोलायला येणारी बरीचशी माणसं चर्चच्या कामातली असतात. कुणी कोयरमधलं, म्हणजे चर्चच्या गायकवृंदातलं, कुणी समूहाची, म्हणजे शेजारच्या कुटुंबांच्या गटाची, प्रार्थना चालवणारं, कुणी रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणारं. समोर बसली की पहिलं वाक्य जवळपास तेच असतं. "टीचर, प्रार्थनेत मन लागत नाही. माझी श्रद्धा आटली का हो?" (शाळेतून निवृत्त होऊन काळ लोटला, तरी इथे मी टीचरच.)

माझं पहिलं उत्तरही ठरलेलं आहे. ज्याची श्रद्धा खरोखर आटली, त्याला ती आटल्याचं दुःख होत नाही. तो रविवारी मिस्सेच्या, चर्चमधल्या उपासनेच्या, वेळी निवांत झोपतो, माझ्याकडे कशाला येईल? सोळाव्या शतकातल्या क्रुसाच्या संत योहानाने आत्म्याच्या काळोखाच्या खुणा लिहून ठेवल्या आहेत. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, जगाच्या गोष्टींतही वाटत नाही, आणि तरीही आपण देवाची सेवा नीट करत नाही ही टोचणी सुटत नाही. ही टोचणी मला फार मोलाची वाटते.

पण सगळाच कोरडेपणा संतांच्या काळोखातला नसतो. पुष्कळदा तो साधा थकवा असतो आणि त्याला आपण आध्यात्मिक नाव देतो. हे ज्या बाईमुळे मला स्वच्छ दिसलं तिला मार्था म्हणते. नाव बदललं आहे, काही तपशीलही. तिला हे नाव कळलं तर चिडेल, कारण पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं, "ती मार्था-मरियेची गोष्ट तेवढी सांगू नका. प्रत्येक रिट्रीटला तीच ऐकते." (बायबलमधली मार्था येशूच्या पाहुणचारात राबते, तिची बहीण मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकते, आणि येशू मरियेची बाजू घेतो.)

मार्था कोळीवाड्यातली, पन्नाशीच्या आतबाहेरची. पहाटे धक्क्यावर मासळी घ्यायची, बाजारात बसायचं, दुपारी अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करायचं, संध्याकाळी समूह, रविवारी धर्मशिक्षण आणि कोयर. पास्खाच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणानंतर आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. सणाआधीच्या उपवासकाळात तिने प्रार्थनेत मन लागत नसल्याचं प्रार्थना गटातल्या एका वडीलधाऱ्या बाईला सांगितली होती. सल्ला मिळाला: प्रार्थना वाढव, शुक्रवारी पाव-पाण्यावर राहा, कबुलीत एखादं पाप राहिलंय का बघ. मार्थाने सगळं मनापासून केलं. जपमाळेसाठी अर्धा तास आणखी लवकर उठू लागली. सांगणारीच्या मनात काळजीच होती, पण औषधाने झोप खाल्ली आणि दुखणं वाढलं.

"रात्री किती वाजता पडता?" मी विचारलं.

"टीचर, मी झोपेचं विचारायला नाही आले. देवाचं विचारायला आलेय."

"मीही देवाचंच विचारतेय."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "अकरा. कधी साडेअकरा. साडेतीनला उठते."

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये अशा थकव्याची तीन लक्षणं सांगितली: शक्ती संपणं, कामाबद्दल मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. त्यांनी ते पगारी कामाबद्दल सांगितलं आहे. चर्चमधल्या सेवेला पगार नाही, रजा नाही, राजीनामाही नाही, म्हणून तिथे हा थकवा लवकर ओळखू येत नाही. वर तो पाप म्हणून अंगाला चिकटतो.

पुढच्या एका भेटीत मी तिच्या हाती बायबल दिलं आणि राजांच्या पहिल्या पुस्तकातला 19 वा अध्याय मोठ्याने वाचायला सांगितला. बाल दैवताच्या पुजाऱ्यांवर कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलिया संदेष्टा. ईजेबेल राणीने जिवे मारण्याची धमकी दिली, तसा तो रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. मग झोपतो. देवदूत त्याला हलवून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या उशाशी असतो. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. दूत पुन्हा येतो, पुन्हा जेवायला उठवतो आणि सांगतो की पुढची वाट तुला झेपायची नाही, म्हणून खा.

मार्था थांबली. "देवदूत त्याला ओरडला नाही?"

"तुम्हीच वाचा."

तिने बोट ठेवून मागे जाऊन वाचलं. "कबुली दे, असंही म्हणाला नाही?"

"नाही."

"आणि दोनदा झोपू दिलं?"

"दोनदा."

एकदम हसली, कडवट. "आमच्याकडे एकदासुद्धा नीट झोपायला मिळत नाही." आणि त्या हसण्यातूनच रडू फुटलं. ते बराच वेळ चाललं. मी मध्ये बोलले नाही, पाण्याचा ग्लास तेवढा पुढे केला. शांत झाल्यावर जे म्हणाली ते कुठल्याही प्रार्थनेपेक्षा खरं होतं. "देवाचा मला राग आलाय, टीचर. एवढं सगळं त्याच्यासाठी करते, आणि तो एक शब्द बोलत नाही."

"हे त्याला सांगितलंत?"

"देवाला असं सांगतात?"

मी तिला बायबलमधलं स्तोत्र 88 काढून दिलं. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे आशेवर येतात. हे येत नाही, अंधारातच संपतं, आणि तरीही चर्चने ते प्रार्थना म्हणून जपलं आहे. त्या रात्री तिने जपमाळ केली नाही, फक्त ते स्तोत्र देवापुढे वाचलं. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा कुणाशी तरी बोलल्यासारखं वाटलं, असं तिने नंतर सांगितलं.

इथे मला जे उमगलं त्यावर आज माझं बरंचसं काम उभं आहे. देवाने एलियाला आधी झोप दिली, मग अन्न दिलं. चाळीस दिवस चालून तो देवाच्या होरेब डोंगराला पोचला, तेव्हा कुठे प्रश्न विचारला: तू इथे काय करतोस? हा क्रम आपण उलटा करतो. थकलेल्या माणसाला आधी प्रश्न विचारतो आणि भाकरी शेवटी, तीही शिल्लक असली तर. दुसरी गोष्ट एलियाच्या उत्तरात आहे. तो म्हणतो, मी एकटाच उरलोय. हेच वाक्य मी कान देऊन ऐकत असते. "मी नाही केलं तर कोण करणार" हे त्याचंच आपल्याकडचं रूप. देव त्याच्याशी वाद घालत नाही. बाल दैवतापुढे न वाकलेले सात हजार अजून आहेत एवढं सांगतो आणि अलीशा नावाचा शिष्य हाताशी देतो. मोशेलाही त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, हेच बजावलं होतं: सगळा भार एकट्याने वाहशील तर तूही झिजशील आणि लोकही.

मे संपत आला होता. मी विचारलं, "बोट कधी वर ओढणार?"

"31 तारखेला. एक जूनपासून बंदी."

"बंदी का असते?"

"मासळीची वीण असते. आणि पावसात दर्याही खवळलेला असतो." माझ्याकडे संशयाने बघत म्हणाली, "मला कळतंय तुम्ही कुठे चाललात ते."

सरकार दर्याला 31 जुलैपर्यंत सुट्टी देतं, तेवढीच तिनेही घ्यायची असं ठरलं. समूह नाही, कोयर नाही, धर्मशिक्षण नाही. रविवारची मिस्सा फक्त, मागच्या बाकावर बसून. फादरांना तिने स्वतःच सांगितलं आणि त्यांनी एका शब्दात होकार दिला. नवरा त्या दिवसांत घरीच जाळी दुरुस्त करत असतो, म्हणून रात्री सासूला बघायचं काम त्याच्याकडे गेलं. यावरून घरात बराच आवाज झाला, तो इथे सांगत नाही.

त्या सुट्टीत तिला सगळ्यात जास्त लागली ती एक अनपेक्षित गोष्ट. तिच्यावाचून सगळं चाललं. "समूहाला आता जास्त माणसं येतात, टीचर. प्रार्थना लवकर संपते ना." हे सांगताना तिचा आवाज कापरा होता. सेवा कमी करणं सोपं असतं. आपल्यावाचून ती चालते हे सोसणं जड जातं, आणि त्यासाठीही दुःख करायला वेळ द्यावा लागतो.

जुलैच्या शेवटी तिनेच मला वादळातल्या येशूची गोष्ट ऐकवली. होडीत पाणी शिरतंय आणि हा मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. "होडी चालवणारा तांडेल असा झोपला असता तर आमच्या घरच्यांनी समुद्रात टाकला असता त्याला," म्हणाली. "पण बापावर भरवसा असल्याशिवाय अशी झोप लागत नाही." हे मी तिला शिकवलेलं नव्हतं.

आता एक सूचना, कारण प्रत्येक थकवा विश्रांतीने जात नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज मन खचलेलं असेल, विश्रांती घेऊनही झोप-भूक परतत नसेल, कशातच रस उरला नसेल, तर मनोविकारतज्ज्ञाला भेटा. औषध घेणं म्हणजे देवावरचा विश्वास सोडणं नव्हे. एलियासारखं मरण मागावंसं वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मार्थाची प्रार्थना पूर्वीसारखी गोड झालेली नाही. ती अपेक्षाही तिने सोडली आहे. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत कित्येक वर्षांचा कोरडेपणा दिसतो, हे मी सांगितल्यावर तिने एवढंच विचारलं, "आणि त्या तरी झोपायच्या का?" धर्मशिक्षण तिने परत घेतलं, समूह दोघींत वाटून घेतला. कोयर मात्र वाडीतल्या एका मुलीकडे गेला तो गेलाच. ती मुलगी सूर वर धरते, मार्थाला ते खटकतं, आणि मिस्सेनंतर तिला काही न सांगता घरी जायची सवय ती सध्या लावून घेत आहे.