गुहागरच्या सूर्यास्ताचा टाइमलॅप्स का बिघडला?

टाइमलॅप्ससाठी, म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेले फोटो जोडून केलेल्या वेगवान चित्रफितीसाठी, आपण गुहागरच्या पुळणीवर दर 10 सेकंदांना एक फोटो घेतला. चित्रफितीत सूर्य एकदम गडप होतो, उजेड लुकलुकतो आणि शेवटी क्षितिज कलते, अशी आपली तक्रार आहे. या तिन्ही दोषांची कारणे निरनिराळी आहेत.

कोकणच्या अक्षांशावर सूर्यबिंब पाण्याला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत सव्वादोन ते अडीच मिनिटे लागतात. दहा सेकंदांच्या अंतराने तेवढ्यात फार तर पंधरा फोटो मिळतात आणि सेकंदाला 25 फोटोंच्या गतीने ते अर्ध्या सेकंदात संपतात. अंतर 2 सेकंदांवर आणल्यास तेच दृश्य जवळपास तीन सेकंद टिकेल.

लुकलुक होते ती कॅमेरा प्रत्येक फोटोला उजेडाचा नवा अंदाज बांधतो म्हणून. एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) हाताने ठरवून सूर्य बुडेपर्यंत त्यांना हात लावू नये; त्यानंतर अंधार पडेल तसा शटरचा वेळ एकेक टप्पा वाढवावा, राहिलेला फरक संपादनात मिटवता येतो.

क्षितिज कलले, कारण ट्रायपॉडचा पाय ओल्या वाळूत रुतला. येथे कोळ्यांचा तोंडी हिशेब उपयोगी पडतो: तिथीला तीनने गुणून चारने भागले की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला ती तीनच्या सुमारास येते, तर अष्टमीला सहाच्या, म्हणजे नेमकी सूर्यास्ताच्या तोंडावर. आंजर्ल्याला एका अष्टमीला, भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीचे, पाणी कितीसे चढणार, अशा भ्रमात मी कोरड्या वाळूच्या कडेलाच उभा राहिलो आणि एका लाटेने पुढच्या पायाखालची वाळू ओढून नेली. पौर्णिमा-अमावास्येच्या संध्याकाळी मात्र ओहोटी असते, पाणी दूर गेलेले असते आणि ओल्या पुळणीत आकाशाचे प्रतिबिंब मिळते. माझी पसंती त्याच दिवसांना आहे. तेव्हाही पायांखाली फळीचे तुकडे ठेवावेत आणि मधल्या दांड्याला पिशवी टांगावी, पण ती वाऱ्याने झुलणार नाही इतकी खाली, वाळूला टेकलेली असावी.

चौकट मागच्या फोटोवरून ठरवू नये. सूर्यास्ताची जागा डिसेंबरात पश्चिमेपासून सुमारे 24 अंश दक्षिणेकडे सरकलेली असते आणि 21 मार्चच्या सुमारास ती पश्चिमेवर परत येते. ऑक्टोबरात पावसाने धुतलेले आकाश मिळते. पुढे धुरकटपणा वाढला की बिंब पाण्याला टेकण्याआधीच विरते.

बिंब बुडताच आवराआवर करू नये, कारण ढगांचा खरा रंग बहुधा पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत चढतो. काचेवर खाऱ्या वाऱ्याचे तुषार बसले असतील तर कोरड्या फडक्याने घासू नये, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी फुंकणीने उडवून मग ओलसर कापडाने अलगद टिपावे.