वाचकांचे प्रश्न : लढलेल्या लेखकाची साक्ष

प्रश्न : १९४२च्या चळवळीच्या आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या हकिकती ऐकत मी वाढलो. सध्या स्पेनच्या यादवी युद्धातील अनुभवांवरचे जॉर्ज ऑर्वेल यांचे 'होमेज टू कॅटलोनिया' वाचतो आहे. स्वतः बंदूक घेऊन लढलेल्या माणसाचे लेखन इतिहास म्हणून स्वीकारावे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : साक्ष म्हणून अवश्य स्वीकारावे, निवाडा म्हणून नव्हे. ऑर्वेल १९३६च्या डिसेंबरात स्पेनमध्ये पोहोचले आणि 'पोउम' या स्टालिनविरोधी मार्क्सवादी पक्षाच्या पथकातून बंडखोर सेनानी फ्रँकोच्या सैन्याविरुद्ध अ‍ॅरागॉनच्या आघाडीवर लढले. परंतु पुस्तकाचा गाभा मला बार्सिलोनातील मे १९३७च्या चकमकींत दिसतो, कारण तेथे फॅसिझमविरुद्ध एकत्र आलेलेच एकमेकांवर गोळ्या झाडत होते. पुढे आघाडीवर त्यांच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. जूनमध्ये पक्षावर बंदी आली आणि सहकाऱ्यांची धरपकड चालू असताना त्यांना पत्नीसह देश सोडावा लागला. या सहकाऱ्यांना फ्रँकोचे हस्तक ठरवणाऱ्या वृत्तपत्रांचे आरोप खोडून काढण्याची तळमळ पानोपानी जाणवते, आणि मला ती फार मोलाची वाटते. मी घटनांचा एकच कोपरा पाहिला आहे, तेव्हा माझ्या पक्षपातापासून सावध राहा, असे ते स्वतःच शेवटी बजावतात.

१९४२मध्ये लिहिलेला त्यांचा 'लुकिंग बॅक ऑन द स्पॅनिश वॉर' हा निबंधही वाचावा. त्यात ते युद्धाचा निकाल स्पेनबाहेरच्या राजधान्यांत लागला असे म्हणतात. प्रतिसरकारच्या आठवणीही अशाच, निरनिराळ्या कार्यकर्त्यांच्या कथनांशी आणि सरकारी कागदपत्रांशी ताडून वाचाव्यात.