जर्मनीत निर्वासित कुटुंबातल्या मुलांना शिकवायला व्हॉलंटिअर व्हायचंय, माझं जर्मन फक्त बी-वन (मधल्या पातळीचं) आहे, चालेल का?

चालेल. २०१६ ला स्टुटगार्टमध्ये मी सुरू केलं तेव्हा माझंही बी-वनच होतं. तिसरीतल्या पोराला तेवढं पुरतं, उलट डेर-डी-डास (नामांची लिंगं) त्यांचं आपल्या आधी पक्कं होतं. तुम्ही जर्मनबद्दल विचारलंय, पण खरा घोळ होतो तो घरातल्या भाषेवरून.

मला मिळालेलं कुटुंब हलबचं, म्हणजे बातम्यांतलं सीरियातलं अलेप्पो. हाइममध्ये (निर्वासितांच्या वसतिगृहात) दोन खोल्या, तीन मुलं. मधला नऊ वर्षांचा, गणितात फार कच्चा असा शाळेचा शेरा, आणि इथे चौथीनंतर कुठल्या शाळेत जायचं ते ठरतं म्हणून घरात सगळ्यांना टेन्शन. पंचेचाळीस सांगितले की ५४ लिहायचा, अडतीसचे ८३. मी महिनाभर जर्मनमध्येच समजावत बसले, तोही कंटाळला आणि मीही. आई पलंगाच्या कडेला धाकटीला घेऊन गप्प बसलेली असायची, चहा आणून ठेवायची, परत गप्प. मला वाटलं स्वभावच असेल. मग मोठ्या मुलीने सांगितलं की आई तिकडे प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आणि आमच्या ग्रुपच्या को-ऑर्डिनेटर बाईंनी (त्याही रिटायर्ड शिक्षिका) तिला बजावलं होतं की मुलांशी अरबी अजिबात बोलायचं नाही, फक्त जर्मन. तिला जर्मनचे पन्नासेक शब्द येत होते. पोटच्या पोरांशी पन्नास शब्दांत बोलायचं!

मला इतका राग का आला तेही सांगते. माझ्या मुलीच्या वेळी किंडरगार्टनमध्ये मला हेच सांगितलं होतं आणि मी मुकाट ऐकलं, दीड वर्ष घरात मोडकंतोडकं जर्मन. आज ती आजीशी फोनवर "हो, बरी आहे, तू?" याच्या पुढे जात नाही, आजी काही बोलत नाही पण फोन लवकर ठेवते.

तर त्या दिवशी मी त्या आईला टेबलाशी आणून बसवलं आणि म्हटलं अरबीत मोजा. पंचेचाळीसला ती म्हणाली खमसा व अरबईन, म्हणजे पाच आणि चाळीस. जर्मनमध्ये फ्युन्फ-उंट-फिअरत्सिश, तेही पाच आणि चाळीस. आणि आपलं पंचेचाळीस, तेच की! एकक आधी, दशक नंतर (बालभारतीने २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' आणलं तेव्हा केवढं वादळ उठलं आठवतंय ना). मी तिला मराठीत एकवीस-बावीस म्हणून दाखवलं तर ती चक्क मोठ्याने हसली, मी तिचं हसणं पहिल्यांदा ऐकलं. मग तिने दोन चौकोन काढले, डावा रिकामा ठेवायचा, उजवा आधी भरायचा, आणि अरबीत भराभर काहीतरी सांगितलं. मला एक शब्द कळला नाही, पोराला सगळं कळलं. वही चाळताना तिनेच पकडलं की शाळेने शून्य समजून चूक दिलेले काही गोल म्हणजे अरबीतले पाच होते. आपला १ बाहेरच्यांना ९ वाटतो ना, तसंच. पोरगं कच्चं नव्हतंच.

पुढच्या मीटिंगमध्ये बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की मी मुलाचं जर्मन बिघडवतेय. रागात माझं जर्मन पळून जातं त्यामुळे तेव्हा बोलता आलं नाही. आता बोलते, आईला गप्प करून मूल भाषा शिकत नाही, ते फक्त आईपासून तुटतं. आईवडिलांनी जर्मन शिकू नये असं नाही हं, सरकारी इंटिग्रेशन कोर्समधले भाषेचे ६०० तास करावेतच, पण ते वर्गात, जेवणाच्या ताटावर नाही.

बाकी, कारितास, डियाकोनी (या चर्चच्या सेवासंस्था) किंवा तुमच्या भागातल्या फ्रॉइंडेसक्राइसकडे (निर्वासितांना मदत करणाऱ्या व्हॉलंटिअर ग्रुपकडे) चौकशी करा. गुन्ह्यांची नोंद नसल्याचा दाखला (एर्वाइटर्टेस फ्युरुंग्सत्सॉयग्निस) मागतील, संस्थेचं पत्र नेलं की व्हॉलंटिअरला फी पडत नाही. कुटुंबाने आश्रयाच्या अर्जाची (असायलमची) सरकारी पत्रं समोर ठेवली तर स्वतः अर्थ लावत बसू नका, त्याच दिवशी बेराटुंगला (सल्ला केंद्रात) पाठवा, काही निर्णयांवर अपीलला एकच आठवडा असतो. आणि आई आधी काय करायची ते पहिल्या दिवशीच विचारा, मला ते कळायला महिना गेला.