सोलापुरात दाणेदार फिल्मचा मॅग्नेटोरेझिस्टन्स मोजता येतो का?

प्रश्न: एम.एस्सी. प्रोजेक्टला कोबाल्ट-तांब्याची दाणेदार फिल्म (तांब्यात कोबाल्टचे बारीक कण विखुरलेला पातळ थर) घेतली आहे. सोलापुरातल्या कॉलेजच्या लॅबमध्ये जीएमआर (जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेझिस्टन्स उतरणं) दिसेल का? आणि त्यातून सेन्सर बनेल का?

दिसतो. ‘असलं काम इथे होत नाही, सॅम्पल पुण्या-मुंबईला पाठवा’ हे ऐकून कान किटलेत, म्हणून लिहितोय.

एका व्हायव्हात विद्यार्थिनीच्या आलेखात शून्यापासून 1 टेस्लापर्यंत रेझिस्टन्स टक्काभर चढलेला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी निकाल देऊन टाकला: जीएमआरमध्ये तो उतरायला हवा, तेव्हा फिल्म वाया गेली, आणि द्रव नायट्रोजन नसेल तर हा विषय घेऊच नये. एप्रिलचं ऊन, पंखा बंद, मॅग्नेटच्या कॉइलमध्ये पूर्ण करंट आणि फिल्म दोन पोलच्या मधोमध. शुद्ध तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. कोबाल्ट मिसळलेल्या फिल्ममध्ये वाढ कमी असते, पण फिल्म पाच-सात अंश तापली की खरा परिणाम झाकायला तेवढी पुरते. फिल्मच्या पाठीला पीटी-100 (तापमान मोजणारा प्लॅटिनमचा सेन्सर) चिकटवून क्षेत्र +1 ते −1 आणि परत +1 टेस्ला असं फिरवलं, तापमानाचा चढ वजा केला, तर शून्याजवळ शिखर आणि दोन्ही बाजूंना उतार स्वच्छ दिसला. शेरा मात्र बदलला नाही. एकाच दिशेने घेतलेल्या आलेखावरून फिल्म नापास करणं चूकच, मग आलेख कुणीही वाचलेला असो.

तुमच्यासाठी हिशेब असा. काचेवर 200 नॅनोमीटर जाड, 1 मिलिमीटर रुंद पट्टी, व्होल्टेजच्या दोन टोकांत 10 मिलिमीटर अंतर. रेझिस्टिव्हिटी 20 मायक्रोओम-सेंटिमीटर धरली तर 10 ओम येतात. 5 मिलिअँपिअरला 50 मिलिव्होल्ट, आणि एक टक्का म्हणजे अर्धा मिलिव्होल्ट. 10 मायक्रोव्होल्ट दाखवणारा साधा मल्टिमीटर पुरतो. जोडणी फोर प्रोबचीच हवी (करंटच्या दोन तारा वेगळ्या, व्होल्टेजच्या दोन वेगळ्या), नाहीतर सिल्व्हर पेस्टचा रेझिस्टन्सच मोजत बसाल. प्रत्येक बिंदूवर करंट उलटा करून सरासरी घ्या, म्हणजे जोडांवरचं थर्मो-ईएमएफ (तापमानाच्या फरकाने तयार होणारं व्होल्टेज) जातं. क्षेत्र स्थिर झाल्यावरच वाचन. फेरीच्या सुरुवातीचं आणि शेवटचं +1 टेस्लाचं वाचन जुळलं पाहिजे. जो फरक राहील तो तापमानाचा.

फिल्म करताना एकाच टंगस्टन बोटीत (धातूची वाफ करायच्या वाटीत) दोन्ही धातू टाकू नका. तांबं आधी उडतं, कोबाल्ट मागे राहतो आणि बोट खातो. स्पटरिंगमध्ये (आयनांच्या माऱ्याने टार्गेटचे अणू उडवून फिल्म बसवताना) तांब्याच्या टार्गेटवर कोबाल्टचे तुकडे ठेवून प्रमाण बदलता येतं. कोबाल्ट 20 टक्क्यांच्या आसपास ठेवा. फार वाढवला तर कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या चुंबकनाची दिशा स्वतंत्र राहत नाही. इलेक्ट्रोडिपॉझिशन (द्रावणातून करंटने धातू बसवणं) केलंत तर फिल्म स्टीलवरून सोडवून चिकटद्रव्यावर घ्या. खालचा धातू करंट खाऊन टाकतो.

ॲनीलिंग (फिल्म तापवून ठेवणं) चांगल्या निर्वातातच, नाहीतर तांबं काळं पडेल. एकाच बॅचचे तुकडे 200, 300, 400 आणि 500 अंशांना तापवा. कमी तापमानात कोबाल्ट तांब्यात विरघळलेलाच राहतो. जास्त तापमानात कण मोठे होतात आणि तेवढ्याच कोबाल्टचा पृष्ठभाग घटतो. इलेक्ट्रॉनचं स्पिनवर अवलंबून असलेलं विकिरण मुख्यतः त्या पृष्ठभागावर होतं, म्हणून मॅग्नेटोरेझिस्टन्स मध्येच कुठेतरी कमाल गाठतो. प्रोजेक्टचा जीव या आलेखात आहे.

जीएमआरच आहे हे सिद्ध करायला क्षेत्र करंटला समांतर आणि मग काटकोनात, दोन्ही वेळा फिल्मच्या प्रतलात ठेवून मोजा. दोन्हीकडे रेझिस्टन्स उतरला तर जीएमआर. समांतर चढला आणि काटकोनात उतरला तर कोबाल्ट सलग झालाय, तो साधा एएमआर (ॲनायसोट्रॉपिक मॅग्नेटोरेझिस्टन्स, करंट आणि चुंबकन यांच्यातल्या कोनावर ठरणारा). एवढी तपासणी वहीत असली की कुठल्याही परीक्षकासमोर बसा. 1992 मध्ये बर्कोविट्झ आणि चिएन यांच्या गटांनी दाखवलं ते हेच: परिणामाला मोजून बसवलेले थर लागत नाहीत, विखुरलेले कण पुरतात.

एक मात्र खरं, कण फार बारीक असतील तर 1 टेस्लाला आलेख सपाट होणार नाही. तेव्हा ‘संपृक्त मूल्य’ लिहू नका, ‘1 टेस्लाला इतके टक्के’ लिहा, आणि भागाकार कुठल्या रेझिस्टन्सने केला तेही नोंदवा.

सेन्सरचं म्हणाल तर या फिल्मला काही टक्क्यांसाठी हजारो ओर्स्टेड लागतात (10,000 ओर्स्टेड म्हणजे 1 टेस्ला). कमी क्षेत्राच्या सेन्सरला ती उपयोगाची नाही.