‘जेरीमँडरिंग’ (आपल्या पक्षाच्या फायद्यासाठी मतदारसंघांच्या सीमा हव्या तशा आखणं) हे नाव ज्यांच्यावरून आलं, त्या एल्ब्रिज गेरी यांची कबर कुठे आहे?

वॉशिंग्टन डी.सी.मधल्या काँग्रेशनल सेमेटरीत. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी राजधानीत दफन झालेले ते एकटेच. उपराष्ट्राध्यक्ष असताना, २३ नोव्हेंबर १८१४ रोजी सेनेटच्या कामाला जाताना ते वाटेतच गेले. स्मारकावर तसं कोरलंय. आयुष्याचा एकच दिवस उरला तरी तो देशकार्यात घालवणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य, हे त्यांचं वचनही तिथेच आहे. ते अवश्य वाचा, नुसत्या बदनाम झालेल्या नावापलीकडचा माणूस कळतो. स्मारकाच्या माथ्यावर कलश आणि ज्योत आहे, त्यावरून ओळखा. मात्र तिथले रांगेतले ठेंगणे चौकोनी दगड बहुतेक नुसतीच स्मारकं आहेत. त्यांना कबरी समजू नका.