वाचकांचे प्रश्न : एका रात्रीच्या अंथरुणानंतर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे शहरातील बेघरांविषयी आहेत. थंडी सुरू झाली की असे होतेच. त्यातील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मी गेली काही वर्षे आमच्या शहरातील एका बेघर निवारा केंद्रात आठवड्यातून एकदा जातो. उत्तरांतील काही भाग त्या अनुभवातून आलेला आहे, तो त्याच मर्यादेत वाचावा.

प्रश्न : आमच्या शहरात बसस्थानकाबाहेर एक जोडपे दोन लहान मुलांसह महिनाभर झोपत आहे. मी पोलीस चौकीत गेले, तेथे महापालिकेत जा म्हणाले. महापालिकेत एका खात्याने दुसऱ्याकडे पाठवले. शेवटी निवारा केंद्रात गेले, तर तेथे फक्त पुरुषांना घेतात. ही जबाबदारी नेमकी कोणाची? (एक निवृत्त शिक्षिका, शहराचे नाव त्यांच्या विनंतीवरून दिलेले नाही.)

बाई, जबाबदारी महापालिकेची आहे आणि त्याबाबत संदिग्धता नाही. २००९ च्या डिसेंबरात दिल्लीत पुसा रोडच्या चौकातील तात्पुरता रात्रनिवारा तेथील महापालिकेने पाडला आणि ऐन थंडीत उघड्यावर आलेल्यांपैकी काही जण दगावले. अन्नाच्या अधिकाराविषयी २००१ पासून सर्वोच्च न्यायालयात चालू असलेल्या याचिकेत हा विषय आला. २०१० च्या आदेशांनी पुढे सर्व राज्यांवर शहरी बेघरांसाठी बाराही महिने चालणारे निवारे उभारण्याचे बंधन आले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात ‘शहरी बेघरांसाठी निवारा’ हा स्वतंत्र घटक आला आणि त्याचे निकष ठरले. दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची सोय, माणशी पन्नास चौरस फूट जागा, आणि पुरुष, स्त्रिया, कुटुंबे, वृद्ध व आजारी यांच्या गरजेप्रमाणे वेगवेगळी केंद्रे, असे ते निकष आहेत. उदाहरणादाखल सोलापूर घ्या. २०११ च्या जनगणनेत त्या शहराची लोकसंख्या सुमारे साडेनऊ लाख होती, म्हणजे या हिशेबाने साडेनऊशे माणसांची सोय हवी. आपल्या शहराची लोकसंख्या घेऊन हाच हिशेब करून पाहावा आणि निवाऱ्यांतील खाटा मोजाव्यात.

मग आपल्याला दारोदार का फिरावे लागले? निवाऱ्याची इमारत, पाणी आणि वीज महापालिकेची असते. केंद्र चालवण्याचे काम निविदेने एखाद्या स्वयंसेवी संस्थेकडे दिलेले असते. रात्री रस्त्यावरील माणूस प्रथम दिसतो तो गस्तीच्या पोलिसाला. मुले असली की महिला व बालविकास खात्याचा संबंध येतो, शिधापत्रिकेसाठी पुरवठा शाखेचा, दाखल्यांसाठी तहसीलदारांचा आणि आजारासाठी सिव्हिल रुग्णालयाचा. यातील प्रत्येकाचे आपापले काम कागदावर नेमून दिलेले आहे, पण माणूस एका दारातून निघाला की पुढच्या दारापर्यंत त्याच्याबरोबर जाणे हे कोणाच्याच कामात लिहिलेले नाही. माझ्या मते सगळा प्रश्न येथेच अडतो.

निवारा केंद्रातील नोंदवही पाहिली तर हे फार स्पष्ट दिसते. मी जातो त्या केंद्रात एक लांबट, कापडी बांधणीचे रजिस्टर आहे. नाव, वय, मूळ गाव, काम, कोणी आणले, कधी आले, हे रकाने व्यवस्थित भरलेले असतात आणि त्यांपुढे सही किंवा अंगठाही असतो. शेवटचा रकाना ‘पुढे कोठे’ असा आहे. त्यात पानेच्या पाने एकच शेरा दिसतो : ‘स्वेच्छेने गेले.’ कोठे गेले, कोणाकडे गेले, पुन्हा त्याच पुलाखाली गेले का, हे विचारणारा माणूस त्या व्यवस्थेत नाही. मध्यंतरी तेथे एक तरुण व्यवस्थापक होता. तो प्रत्येक नावापुढे फोन नंबर लिहून घेई आणि पंधरा दिवसांनी फोन करी. तो होता तोवर त्या रकान्यात गावांची नावे होती, कारखान्यांची होती, एका ठिकाणी तर ‘बहिणीकडे, बार्शी’ असेही लिहिलेले होते. त्याची नोकरी गेली आणि रकाना पुन्हा पूर्वीसारखा झाला.

पैशाचीही गोष्ट सांगितली पाहिजे. अभियानाच्या निकषांत पन्नास माणसांचे केंद्र चालवण्यासाठी वर्षाला सहा लाख रुपये, तेही पाच वर्षांपुरते, धरलेले होते. म्हणजे माणशी रोजचे सुमारे तेहतीस रुपये. काळजीवाहकांचे तीन पाळ्यांचे पगार, अंथरुणे धुणे, साफसफाई, औषधे हे सगळे त्यात बसवायचे. ते अभियान सप्टेंबर २०२४ अखेर संपले. महापालिकेने स्वतःच्या अंदाजपत्रकात तरतूद केली नाही, तर केंद्र चालवणाऱ्या संस्थेची देयके थकतात आणि पहिली कात्री लागते ती रात्री फिरून माणसे शोधणाऱ्या पथकाला. म्हणून वॉर्डातील नगरसेवकाला विचारण्याचा पहिला प्रश्न ‘निवारा आहे का’ हा नसून ‘यंदाच्या अंदाजपत्रकात निवाऱ्यासाठी किती रक्कम आहे’ हा असावा.

आता आपल्या पत्रातील कुटुंबाविषयी. महापालिकेच्या समाज विकास विभागात (काही शहरांत हे काम नागरी उपजीविका कक्षाकडे असते) ‘समुदाय संघटक’ या पदावरील व्यक्तीला भेटा. अर्ज लेखी द्या, त्यात जागा, माणसांची संख्या आणि मुलांची वये लिहा आणि पोच घ्या. कौटुंबिक निवारा नसेल तर तसे लेखी उत्तर मागा. ते मिळाले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तोच कागद घेऊन जाता येते, आणि माझा अनुभव असा की प्राधिकरणाचे एक पत्र गेले की तीन खाती एका टेबलाशी बसतात. मुलांना आईवडिलांपासून वेगळे करून बालगृहात पाठवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो स्वीकारू नका. घर नसणे म्हणजे आईबाप नसणे नव्हे.

प्रश्न : आमच्या भागातील उड्डाणपुलाखाली राहणारे लोक निवारा केंद्रात जायलाच तयार नसतात. पथक येते, गाडी येते, पण दोन दिवसांनी ते परत पुलाखाली दिसतात. मग अशा लोकांसाठी खर्च करावा कशाला? (एक वाचक, नाशिक)

आपली निराशा मी समजू शकतो, कारण सुरुवातीला मलाही असेच वाटत असे. पण ‘जायला तयार नाहीत’ हे उत्तर मिळाल्यावर आपण बहुधा तेथेच थांबतो, ‘का’ हे विचारत नाही. एका रात्री केंद्राच्या फाटकाशी एक गवंडी उभा होता. हातातील गोणपाटात थापी, ओळंबा, गुण्या आणि डब्याची पिशवी. लोखंडी हत्यारे आत नेता येणार नाहीत, असा नियम असल्याचे रखवालदार सांगत होता. फाटकाजवळ हत्यारे ठेवायला कपाट नव्हते. त्या गोणपाटातच त्या माणसाची उद्याची मजुरी होती, आणि ते सोडून गादीवर झोपायचे की ते उशाशी घेऊन फुटपाथवर, असा त्याच्यापुढे प्रश्न होता. तो पाच मिनिटे थांबला आणि निघून गेला. त्या रात्रीच्या अहवालात तो ‘नकार’ म्हणून नोंदला गेला असणार.

नाका कामगाराला पहाटे नाक्यावर पोचावे लागते आणि नाका निवाऱ्यापासून सात किलोमीटर असेल तर रिक्षाचे पैसे मजुरीतून जातात. म्हणूनच निवारे कामाच्या आणि झोपण्याच्या जागांजवळ असावेत, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. नवरा एका केंद्रात आणि बायको दुसऱ्या केंद्रात, ही अट कोणते जोडपे मान्य करील? शिवाय एक जुनी भीती आहे. महाराष्ट्रात १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अजूनही लागू आहे. त्याखाली भिक्षेकरी समजून उचलले गेलेल्यांची आठवण पुलाखालच्या प्रत्येक वस्तीत आहे. ज्या गाडीतून पोलीस उतरतात ती गाडी निवाऱ्याला नेते की भिक्षेकरी गृहाला, हे त्यांना कसे कळावे? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्या कायद्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या, आपल्याकडे तसे झालेले नाही.

पथकात पोलिसांऐवजी पूर्वी निवाऱ्यात राहिलेला एखादा माणूस पुढे असला, तर होकार वाढतात, हे मी स्वतः पाहिले आहे. आणि खर्चाचे म्हणाल, तर हत्यारांसाठी कुलपाचे कपाट करून घ्यायला फार पैसे लागत नाहीत.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी एक मनोरुग्ण बाई बाजारात फिरते. कोणी तरी तिला गाडीत घालून दुसऱ्या जिल्ह्यात सोडून आले, असे ऐकले. योग्य मार्ग कोणता? (एक दुकानदार, मराठवाडा)

आपण ऐकलेले खरे असेल तर ती क्रूरता आहे आणि तिला समाजसेवा म्हणणाऱ्यांना विरोध करणे आपले काम आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १०० याबाबत फार स्पष्ट आहे. स्वतःची काळजी घेऊ न शकणारी, मानसिक आजार असल्याचे दिसणारी व्यक्ती हद्दीत फिरताना आढळली, तर तिला संरक्षणाखाली घेणे हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत तिला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे असते आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवता येत नाही. ती बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून तिचे कुटुंब शोधण्याची जबाबदारीही त्याच ठाण्याची आहे. दाखल करण्याची गरज नाही, असे डॉक्टरांनी ठरवले, तर तिला बेघरांसाठीच्या शासकीय केंद्रात पोचवायचे असते. म्हणजे पोलीस, रुग्णालय आणि निवारा ही साखळी कायद्यानेच जोडून दिलेली आहे.

ठाण्यात जाताना कलमाचा उल्लेख असलेला अर्ज बरोबर ठेवा, शक्यतो दोन-तीन दुकानदारांच्या सह्यांसह. उपचारानंतर घर सापडू शकते, हेही लक्षात असू द्या. कर्जत येथील ‘श्रद्धा’ पुनर्वसन संस्थेचे डॉ. भरत वाटवानी यांना रस्त्यावरील मनोरुग्णांना बरे करून त्यांच्या गावी पोचवण्याच्या कामासाठीच २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नाव-गाव न सांगणारी माणसे उपचारांनंतर नदीचे, देवळाचे, शेजारच्या बाजाराचे नाव सांगू लागतात आणि त्या धाग्यावरून घर सापडते.

प्रश्न : निवारा ही तात्पुरती सोय झाली. अशा माणसाला पुढे घर मिळण्याचा काही मार्ग आहे का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

मार्ग अरुंद आहे, पण आहे. त्याची सुरुवात कागदापासून होते. मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाचे प्रमाणपत्र आधारसाठी चालते. मतदार नोंदणीसाठी बेघर व्यक्तीला पत्त्याचा पुरावा द्यावा लागत नाही. तिने अर्जात झोपण्याची जी जागा सांगितली तेथे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन खात्री करायची असते. हे दोन कागद हाती आले की बँक खाते, शिधापत्रिका, वृद्धांसाठी निवृत्तिवेतन ही दारे एकामागून एक उघडू शकतात.

घराचे मात्र अवघड आहे. पंतप्रधान आवास योजनेत आजवर स्वतःची जागा असलेल्याला किंवा स्वतःचा हिस्सा भरू शकणाऱ्यालाच लाभ होत आला. २०२४ मध्ये सुरू झालेल्या तिच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा घटक असून त्यात बेघरांचाही विचार आहे. आपल्या शहरात तशी घरे बांधली जाणार आहेत का, हे विचारत राहिले पाहिजे. तोवर कमावत्या माणसाला अडते ते भाड्यापाशी नव्हे, अनामत रकमेपाशी. महिन्याचे तीन हजार देऊ शकणारा माणूस एकदम पंधरा हजार कोठून आणणार? मी जातो त्या केंद्रात काही नागरिकांनी मिळून अनामतीपुरता एक छोटा निधी केला आहे. चार जणांनी एक खोली घ्यायची, अनामत निधीतून, भाडे त्यांचे त्यांनी, आणि खोली सोडताना अनामत निधीत परत. आतापर्यंत अशा तीन खोल्या झाल्या.

आपण विद्यार्थिनी आहात म्हणून एक काम सुचवतो. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर बेघरांची मोजणी झाली. देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे मोजली गेली, त्यांतील दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात. रात्री फिरलेले लोक सांगतात की, बंद दुकानांच्या फळ्यांवर, हातगाड्यांखाली आणि फलाटांच्या टोकाला झोपलेली कितीतरी माणसे त्यातून सुटली. पुढची जनगणना २०२७ मध्ये आहे. त्याआधी महाविद्यालयातील मैत्रिणींसह आणि स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांबरोबर आपल्या वॉर्डाचा नकाशा करा, कोठे किती माणसे झोपतात ते त्यांच्या परवानगीने नोंदवा आणि तो नकाशा प्रगणकांच्या हाती द्या. एकट्याने रात्री जाऊ नका, आणि झोपलेल्या माणसाच्या तोंडावर टॉर्च मारू नका.